आईच्या दगडावरची ओळ

३ मार्च

आईच्या थडग्याचा दगड आज कोरायला घेतलाच. टाळाटाळ पुरे! आजारपणात तिने स्वतःच ओळ लिहून ठेवली आहे — ‘देवाचा पुत्र येशू, माझा प्रभू.’ कोरायला मला दोन दिवस पुरे. अडचण कोरण्याची नाहीच.

आमच्या कारखान्याचा नियम असा: थडग्याच्या दगडावर आधी पेन्सिलने मजकूर काढायचा, गेलेल्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाने तो मोठ्याने वाचायचा, मगच छिन्नी लावायची. कोरलेली चूक पुसता येत नाही. नियम अब्बांचा. आणि आईच्या सगळ्यात जवळचे अब्बाच!

४ मार्च

अब्बा वाचायला उभे राहिले. ‘देवाचा’पर्यंत आले, चष्मा काढला आणि चहाला निघून गेले.

पस्तीस वर्षं आई चर्चला, अब्बा मशिदीत. घरात या विषयाला दोघांनी कधी तोंड फोडलं नाही. मी आईच्या वाटेने चर्चला जाऊ लागले तेव्हाही नाही. पण ओळ कोरायची म्हणजे कोरायची. मीही त्यांचीच मुलगी आहे.

६ मार्च

सकाळी फादरना गाठलं. ‘पुत्र’ शब्दात थोडी सूट मिळेल असं वाटलं होतं — छे! देवाला बायको होती आणि मूल झालं असा त्याचा अर्थ नाही, म्हणाले. देवाचा शब्दच माणूस झाला, क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. एवढं काढून टाकलंस तर उरतो एक भला माणूस, आणि तुझी आई भल्या माणसाला प्रभू म्हणत नव्हती.

दुपारी मौलाना. येशूबद्दल, म्हणजे त्यांच्या ईसांबद्दल, ते इतक्या आदराने बोलले की मी बघतच राहिले. कुमारी मरियमचे पुत्र, मसीहा, अल्लाहच्या हुकमाने मेलेल्यांना उठवणारे, पुन्हा येणारे. पण अल्लाहला मूल नाही. ईसा क्रूसावर मेले नाहीत, वर उचलले गेले. थोर पैगंबर — देव नव्हेत.

केवढं सारखं! आणि जिथे वेगळं, तिथे दोघंही तसूभर हलायला तयार नाहीत. मला दोघांचाही राग आला.

७ मार्च

तोडगा सापडला! ‘मरियमचा पुत्र येशू.’ दोघांनाही मान्य, कुणाला खोटं बोलायला नको. लगेच पेन्सिलने काढलं. मावशीने बघून नाक मुरडलं. खोटं नाही, पण हे माझ्या बहिणीचंही नाही, म्हणाली.

८ मार्च

सकाळी बघते तर अब्बा ओल्या फडक्याने माझा तोडगा पुसताहेत. “ती गेली म्हणून तिचं बोलणं आपण बदलायचं?”

तोंडात मारल्यासारखं झालं. मूळ ओळ पुन्हा काढली.

१० मार्च

अब्बा स्वतःहून आले. “हे तिचं म्हणणं, माझं नाही. तिने हेच लिहिलंय का, एवढं मी सांगू शकतो.” मग सगळी ओळ वाचली, स्पष्ट, एकही शब्द न गाळता. “चूक नाही. कोर.”

मी रडले. मग नाक पुसून छिन्नी उचलली. संध्याकाळी ‘येशू’पर्यंत कोरून झालं.

१२ मार्च

अब्बांनी आज आणखी एक दगड काढला. त्यावर पेन्सिलने लिहिलं — ‘ईसा, अल्लाहचे बंदे आणि पैगंबर.’ हा माझा, म्हणाले. “आता सगळ्यात जवळची तूच. मी आहे तोवर वाच.”

दुपार झाली. ते समोर बसून आहेत, आणि मी अजून तोंड उघडलेलं नाही.