दोघींची एक घरपट्टी

गावाहून,
१४ ऑक्टोबर

प्रिय गारिफालिया,

सप्रेम नमस्कार. गुडघे सोडले तर मी बरी आहे. तूही बरी असशील, असं धरून लिहिते.

पत्र पाहून दचकू नकोस, काम पालिकेचं आहे. यंदा माझी घरपट्टी जवळजवळ दुप्पट आली. बघते तर घर एकशे पंचेचाळीस चौरस मीटर! माझा महाल झाला आणि मलाच पत्ता नाही. सोमवारी बस धरून कचेरीत गेले.

"मावशी, तुमची दोन घरं आहेत," तिथली मुलगी म्हणाली. "एक चौऱ्याऐंशीचं, एक एकसष्टचं."

एकसष्टचं म्हणजे तुझं, बंद पडलेलं. माझे बाबा थेमिस्तोक्लिस, तुझे थेओदोसिस. दोघा भावांनी रीतीप्रमाणे थोरल्या मुलीला आजीचंच नाव दिलं, आणि पालिकेने यंदा बापाचं नाव नुसतं 'थे.' लिहिलं. झालं! दोघी चुलत बहिणींची एकच बाई केली.

"अगं, ती वेगळी, मी वेगळी," मी म्हटलं. "ती उंच, शिकलेली, पात्रा शहरात असते."

"हयात आहेत ना? मग त्यांची सही लागेल. नसतील तर मृत्यूचा दाखला आणा."

"आहे की! काही झालं असतं तर मला कळवलं नसतं?"

ठसक्यात बोलले खरी, पण लगेच मनात आलं. तू गेलीस तर मला कोण कशाला कळवेल? काकू गेली तेव्हा तू स्वतः फोन केला होतास. ऑलिव्हची काढणी चालू आहे, येता येणार नाही, असं मी सांगितलं. अकरा वर्षं झाली त्याला.

काढणी तेव्हा संपली होती, गारिफालिया. सहा वर्षं काकूला मी न्हाऊमाखू घातलं, आणि एका सकाळी तू तिला मला न विचारता घेऊन गेलीस. आई तुझी, हक्कही तुझा. पण मला फार लागलं. तो राग मी तिच्या मातीवर काढला. चुकलं माझं.

घरी येऊन तुझा जुना नंबर लावला, लागला नाही. हा पत्ता तरी बदललेला नसू दे.

अर्जावर दोघींच्या सह्या हव्यात, महिनाअखेरपर्यंत. टपालाने सही आणलेली पालिकेला चालते, मी विचारून घेतलं. म्हणूनच अर्ज पाठवत नाहीये. तो माझ्यापाशी आहे. सही करायला तुलाच यावं लागेल.

वाट बघणारी, तुझ्याच नावाची,
गारिफालिया