बाराव्या पानावरची मुलगी

सांगली,
१३ नोव्हेंबर १९४६

प्रिय गुणू,

साताऱ्याहून तुझं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ, ‘आई, बाराव्या पानावरची ही कोण?’ खाली सहीही नाही.

तो दिवाळी अंक माझ्यापुढे आहे. ‘महाराष्ट्राचं सौंदर्य’ असा मथळा आणि पानागणिक एक अशा बारा मुली, सगळ्या एकाच परातीत मळलेल्या. नाकं तीच, रंग तोच, कंबरा मुठीत मावतील अशा. महाराष्ट्र एवढाच असेल तर आपल्या बाजारात रोज भेटतात त्या रुंद हाडाच्या, सावळ्या बायका कुठल्या मुलखातल्या? संपादक महाशय कधी बाजारात गेलेच नसावेत.

दूध घालायला आलेल्या साळूबाईनं पानं उलटली आणि म्हणाली, “बाई, समद्या एकाच आईच्या हायती व्हय? आन् ह्या शेवटच्या पोरीचं त्वांड पिठाच्या डब्यात पडलंय जणू. हात तेवढं माणसाचं हायती.” मी हसले. मग तिनं अंक डोळ्यांजवळ नेला. “आवं, ह्यो हात आपल्या गुणूचा न्हवं?” कोपराजवळचा तुझा भाजल्याचा डाग तेवढा संपादकांच्या कुंचल्यातून सुटला होता.

तुझे खांदे तासले, हनुवटी निमुळती केली, रंग धुऊन काढला. याला ते कला म्हणतात. कल्हईवालासुद्धा भांडं ओळखू येईल असं परत देतो.

आता जे सांगायचं ते. फोटो मी पाठवला, हे तुला माहीत आहे. पुढचं नाही. श्रावणात संपादकांनी विचारलं होतं, ‘छपाईत चेहरा काळवंडेल, थोडा हात फिरवू का?’ मी उलट टपाली कळवलं, ‘हरकत नाही.’ रोजनिशीत मी भाजी कोणती केली तेही लिहिते. त्या दिवशी मात्र नुसतं ‘पत्रोत्तर धाडले’ असं आहे. म्हणजे तेव्हाही मला कळत होतं. दशलक्षण पर्व संपल्यावर आपण जैन सगळ्यांची मागतो तशी तुझीही क्षमा मागितली, आणि हे गिळलं. काल त्या पानावरून एक स्थळ आलं. मी तुझा मूळ फोटो पुढे ठेवला. मंडळी चहा अर्धा टाकून उठली, आणि स्थळ गेलं म्हणून क्षणभर मला वाईट वाटलं. तेही लिहून ठेवलं आहे. ही कोण, असं विचारलंस. ती मी मागवलेली मुलगी. तू नव्हेस.

क्षमा केलीस तर पुढच्या कार्डावर सही कर.

तुझीच,
आई