आई निघाली तो रस्ता

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला लागलं की आई शेजारी येऊन बसते आणि मधेमधे "काय म्हणतेय ती?" विचारत राहते, म्हणून लिहितेय. पिल्लूच्या दातांच्या तारा निघाल्या का? भाऊजींची पाठ कशी आहे?

माझं काम चालू आहे. तू भाऊजींना "ती सर्व्हे करते" असं सांगितलंस म्हणे. अगं, सर्व्हे नाही. नदीवर नवा पूल होणार, त्यासाठी काठची वस्ती हलवणार आहेत. तिथल्या लोकांचा जीव नेमका कशात गुंतलाय ते आम्ही शोधतोय. घरात बसवून विचारलं की सगळे एकच सांगतात, "जन्म गेला इथे." म्हणून आम्ही त्यांच्याबरोबर चालतो. रस्ता त्यांनी ठरवायचा. पाय कुठे रेंगाळतात, कुठे झपझप पडतात, माणूस कुठे उगाचच पलीकडच्या फुटपाथवर जातो, ते आपण बघायचं. परवा एक न्हावी स्वतःच्या दुकानासमोरून मान खाली घालून गेला, आणि बंद पडलेल्या पंपाच्या भिंतीशी मात्र हसत उभा राहिला. तिथे तो सायकल शिकला होता.

आईला हे सांगितलं तर म्हणते कशी, "म्हणजे लोकांच्या मागे फिरायचं आणि वर पगार घ्यायचा? आमच्या वेळी अशांना पोलीस पकडायचे."

आता तुझा प्रश्न. आई तुझ्याकडे राहायला येणार की नाही, हे तू कितीदा विचारलंस आणि दर वेळी मी तेच सांगितलं. बाबा गेले तरी तिचा जीव या घरातच आहे, तिला उपटून नेऊ नये. मला खरंच तसं वाटत होतं. निदान मला वाटायचं की मला तसं वाटतंय. बघ, इथेच माझा गोंधळ सुरू होतो.

शुक्रवारी माझ्याबरोबर चालायला येणाऱ्या बाईंनी आयत्या वेळी नाही म्हणून कळवलं. मी चरफडत बसले होते. आई बूट घालून दारात उभी. "चल, माझ्याबरोबर चाल. मी पण लोकच आहे."

मला वाटलं, ती वाचनालयाकडे वळणार. इतकी वर्षं तिथे नोकरी केली तिने. तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग वाटलं, बागेतल्या बाबांच्या बाकाकडे जाईल. तोही मागे पडला. ताई, ती इतकी भराभर चालत होती की मलाच धाप लागली. गुडघे दुखतात म्हणणारी हीच का ती, असं झालं मला.

ती थेट बस स्थानकावर गेली. तिकीट खिडकीतला माणूस तिला बघून हसला. "या मावशी! आज काढायचं का मग?"

"आज नाही हो. गाडीची वेळ तीच आहे ना अजून?"

"तीच आहे. तुमचं कधी ठरतंय?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिचं ठरलं की माझं ठरेल."

मी तिला बाजूला बाकावर नेलं. विचारलं, "तुला ताईकडे जायचंय?"

"तुझे बाबा गेले तेव्हापासून जायचंय. त्या घरात मला करमत नाही. भांडं पडलं तरी दचकते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बॅगा घेऊन आलीस ना. आलीस आणि म्हणालीस, कामासाठी आलेय. कामाला आलेलं माणूस हिवाळ्यातले कपडे, पडदे आणि मिक्सर घेऊन येतं का गं? तुला अशी टाकून कशी जाऊ?"

खरं तर हे काम उन्हाळ्यातच संपायचं होतं. मीच मुदत वाढवून मागितली. प्रोफेसर (तू अजून माझ्या नवऱ्याला असंच म्हणतेस ना?) दर रविवारी फोन करून विचारतो, "कधी येतेस?" मी म्हणते, काम संपलं की. तो वाईट माणूस नाही. भांडण नाही, आवाज चढत नाही, दुसरं कुणी नाही. तेच तर अवघड आहे. कारण असतं तर तुला एका ओळीत कळवलं असतं. तिकडे असताना ऑफिसातून सुटले की मी एक थांबा आधी उतरायचे आणि आपल्याच इमारतीभोवती चकरा मारायचे. वर जायला पाय वळायचे नाहीत. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्यावर पानभर लिहिलं असतं.

आणि इथे तरी माझा जीव आहे का? तेही सांगता येत नाही. आईच्या नावावर खपवत होते ते घरावरचं प्रेम माझं होतं, की नुसती लपायला मिळालेली जागा? मला कळत नाही गं. चिडू नकोस, पण खरंच कळत नाही.

मी उठले आणि खिडकीपाशी गेले. तो माणूस म्हणाला, "एक की दोन?" आईही उठून मागे आली होती.

"एक," मी म्हटलं.

येताना आई सावकाश चालली. दुकानांतून डोकावली, पिल्लूसाठी टोपी घेतली. घराच्या कोपऱ्यावर मात्र तिने माझा दंड धरला. "चूक करतेय का गं मी?" मी नाही म्हटलं. त्या एका उत्तराबद्दल तेवढी माझी खात्री आहे.

येत्या शनिवारी दुपारच्या गाडीने ती पोचेल. आज संध्याकाळी प्रोफेसरचा फोन येईल, तेव्हा काम संपलंय हे त्याला सांगणार आहे. पुढचं वाक्य अजून सुचलेलं नाही.

आईला उतरवून घ्यायला तू स्वतः जा. मला न्यायला मात्र कुणी येऊ नका, इतक्यात तरी.

सध्या याच पत्त्यावर असलेली,
तुझी धाकटी