वयाप्रमाणे दर

सनाबिस, बहरीन
४ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आंबापोळी पोचली, अर्धी फस्तही झाली. दवाखान्याचं विचारलंत. विमा कंपनी आम्हाला दर पेशंटमागे ठरावीक रक्कम देते. पंचविशीतला धडधाकट गडी असो की जुबैदाचाची, रक्कम तीच. चाची आपल्या मिरकरवाड्याच्या. त्यांचे यजमान जमालुद्दीनचाचा सित्र्याच्या एका गोदामात स्टोअरकीपर आहेत. चाचींना मधुमेह, त्यात हृदय कमजोर. त्यांना तपासायला वेळ लागतोच. आमचा मॅनेजर म्हणतो, म्हातारे परवडत नाहीत. आता तर त्यांना अपॉइंटमेंटच मिळू देत नाही. काय करू?

माया असू द्या, अधूनमधून रागवाही.
तुमची स्पृहा

रत्नागिरी
१६ फेब्रुवारी

चि. स्पृहास अनेक आशीर्वाद.

शाळेत हेडमास्तरांशी भांडून अख्ख्या वर्गाची सहल पदरात पाडून घेतलीस, आणि आता मॅनेजरपुढे गप्प? म्हाताऱ्यांमागे जास्त, तरुणांमागे कमी, असा वयाप्रमाणे दर विमा कंपनीकडे मागून बघ. मागणी न्यायाची आहे. तुझी आई म्हणते, आधी वेळेवर जेव.

आठवण ठेव, म्हणजे आम्हाला सगळं मिळालं.
तुझे बाबा

सनाबिस
२ जून

ती. बाबांस सा. न.

कंपनीने मानलं! काल चाचींना निवांत तपासलं. त्यांनी सांदणं आणली होती. तुमची युक्ती म्हणून चारचौघांत सांगत सुटलेय.

अशीच पाठीवर थाप असू द्या.
स्पृहा

सनाबिस
२० सप्टेंबर

ती. बाबांस सा. न.

दर वाढला तसा कंपनीने म्हाताऱ्यांच्या विम्याचा हप्ताही वाढवला. हप्ता भरतो मालक. चाचांचा मालक 'खलास' म्हणाला आणि त्याने व्हिसा रिन्यू केलाच नाही. मी त्याच्याकडे गेले, भेटला नाही. जुना दर परत आणा म्हटलं, तर मॅनेजर हसला. म्हणाला, तुम्हीच तर मागितलात.

चाचा निरोप घ्यायला आले. म्हणाले, तुम्ही आमच्यासाठी भांडलात, हे विसरणार नाही. हप्ता माझ्याच मागणीमुळे वाढला, हे मला सांगवलं नाही. चाचींना तिकडे कोणी डॉक्टर बघून द्याल का?

स्पृहा

रत्नागिरी
३० ऑक्टोबर

चि. स्पृहास आशीर्वाद.

मिरकरवाड्याला जाऊन आलो. चाचींना सरकारी दवाखान्यात नेलं, पण हृदयाचे डॉक्टर रजेवर होते. खाजगीत न्यायला चाचा तयार होईनात; या वयात ते काम शोधत फिरत होते. दर मागायची कल्पना माझी होती आणि त्यामुळेच हप्ता वाढला, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, आमच्या भल्यासाठीच मागितलंत तुम्ही.

परवा पुन्हा गेलो तर दाराशी माणसं जमलेली. चाची पहाटे गेल्या होत्या. चाचांनी माझा हात धरून विनवलं, डॉक्टरबाईंना कळवू नका, त्यांना फार लागेल.

मी कळवतो आहे. इतकं ओझं मला एकट्याला पेलत नाही, पोरी.

तुझे बाबा