चिखलाचे गाऱ्हाणे

आमोणे, डिचोली

प्रिय कृष्णनाथ भावोजींना तारावहिनीचा आशीर्वाद. फोंड्याच्या घराचे जिने तुमचा गुडघा आता चढू देतो ना?

परवा सकाळी मी पेज चुलीवर ठेवून परसातल्या अबोलीला पाणी घालत होते, तेव्हा श्रद्धा नावाची शहरातली मुलगी दारात आली. गावातले तरुण विकासाविषयी आपसांत कसे बोलतात, यावर ती संशोधन करते. (बोलतात का, हे आधी पाहायला हवे होते.) मी तिला पेज वाढली, तिने मला संध्याकाळी देवळातल्या सभेचे आमंत्रण दिले.

सभेला पोरे भरपूर. खाणीचा चिखल शेतात येतो त्याचे काय करावे, असे श्रद्धाने विचारल्यावर सगळी आपापल्या पायांकडे बघत बसली. बोलणार कशी? निम्मी खाणीच्या ट्रकांवर, आणि मुकादम शंभू खांबाला टेकून बसलेला. गोव्याचे वेगळे राज्य झाले, भाषेचा निकाल लागला, पण आपल्या वायंगणी भाताच्या शेतातला लाल चिखल तिथेच. यंदा पेरायचे की शेत सोडायचे, एवढाच माझा प्रश्न होता.

बिचारी म्हणाली, तुमच्या पद्धतीने सुरुवात करा. म्हणजे गाऱ्हाणे, एकाने देवाकडे मागायचे, बाकीच्यांनी होकार भरायचा. पण ते घालायचे तुमचे भाऊ. ते गेल्यापासून त्या जागी उभे राहायला कोणी तयार नाही. ट्रकवाला सिद्धेश ओरडला, "वयनी, तुमका येता मगे!" येणारच. तुमचे भाऊ रोज न्हाणीत मोठ्याने म्हणायचे. मी मागे बायकांत बसल्या बसल्याच सुरू केले.

"बा देवा म्हाराजा, लेकरांची राखण कर."

"व्हय म्हाराजा!"

"खाणीतलो चिखल खाणीतच रवांदी."

"व्हय म्हाराजा!"

"मुकादमान दगडांचो बांध घालचो."

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज शंभूचा. (जन्माची सवय. तोंड मिटले तेव्हा उशीर झाला होता.) देवासमोर दिलेला शब्द आता मागे घेणार कसा? श्रद्धाने लिहून घेतले, उत्स्फूर्त सहभाग. (होताच. शंभूचा तर फारच.)

विधवेने गाऱ्हाणे घातलेले देवळातल्या जाणत्यांना मात्र रुचले नाही. नारायणकाका म्हणाले, "तारा, परत असो प्रकार नाका." मी मान हलवली. परत करणार नाही, तुम्ही काळजी करू नका. घरी येऊन न्हाणीपाशी जरा वेळ उभी राहिले, इतकेच.

तुमची,
तारावहिनी

ता. क. गाऱ्हाण्यात एका ठिकाणी अडखळले. सीमेवरच्या राखणदारानंतर कोणत्या देवाचे नाव घ्यायचे? तुम्हाला पाठ आहे. रविवारच्या आत कळवा, पलीकडच्या वाड्यावरच्या पोरांनी मला बोलावले आहे.

आणखी एक. सभेच्या दुसऱ्या दिवशी शंभू बांधासाठी दगडांचा ट्रक घेऊन आला. मी शेतातला चिखल उपसला आणि संध्याकाळी बी भिजत घातले.