क्षय नव्हे, दुसरंच

१२ जानेवारी १९४७
आजपासून खोपीत. आबांनी उसाच्या पाल्यानं शाकारून दिली, मळ्याच्या टोकाला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं — क्षय. झालं! ताट वेगळं, अंथरूण वेगळं. लीलानं भाकरी दारात ठेवून जायचं. पोरीला बांधाच्या अलीकडं आणायची नाही, हा आबांचा हुकूम. पोरीला अजून महिना पुरा नाही. मी हातातसुद्धा घेतलेली नाही.
आबा म्हणाले, "नानासो, लेकराच्या जिवाचा सवाल हाय रं."
खोटं कुठं बोलले?

२६ जानेवारी
डोळे लाल, उजेड सोसत नाही. नाकावर, कपाळावर बारीक टणक गाठी उठल्यात. दुखत नाहीत. खोकला कोरडा. अंगात ताकद अशी नाहीच — दुपारी पडलो की मेल्यासारखी झोप. इटलीत लढाई बघून धडधाकट आलो, आणि इथं उसाच्या कडेला हे!

९ फेब्रुवारी
ऊसतोड सुरू. कुणी इकडं फिरकत नाही.

२ मार्च
मोटारीनं सांगलीला गेलो. इटलीत आमच्या फौजी दवाखान्यात होते ते मेजर नियाज आता इथं डॉक्टरकी करतात. डोळ्यांत बॅटरी मारली, मान चाचपली, काखा चाचपल्या. म्हणाले, "हवालदार, मला हा क्षय वाटत नाही." थुंकी घेतली. हातावर टोचलं — क्षय असला तर जागा सुजेल म्हणाले. परवा दाखवायचं.

४ मार्च
टोचलेली जागा कोरी! थुंकीत जंतू नाहीत. क्षय असता तर बहुतेक दोन्हीकडं दिसला असता म्हणाले. मानेतली गाठ कापून मुंबईला पाठवली. त्यांना सारकॉइड नावाच्या रोगाचा संशय आहे. फुप्फुस, डोळे, कातडी, काळीज — वाटेल तिथं बसतो म्हणे.
"लेकराला लागतो?"
"नाही. पण आधी मुंबईचं उत्तर येऊ दे."
पुस्तकांत आपल्या लोकांचं नावच नाही! थंड मुलखातल्या गोऱ्यांना होतो, पुष्कळदा आपोआप जातो. अमेरिकेचे काळे शिपाई त्यांनी इटलीत बघितले — त्यांना लय जड गेला. एकाचे डोळे गेले.
"आन मला? हलका का जड?"
डॉक्टर म्हणाले, "माहीत नाही. आपल्याकडं छातीत डाग दिसला की क्षय लिहून मोकळे होतात. हा रोग शोधलाय कुणी?"
खरं बोलणारा माणूस. पण परतताना मोटारीत तेच घोकत आलो. मी गोरा नाही, तो काळा शिपाईही नाही. मग मी कुणासारखं आजारी पडायचं?

१७ मार्च
डोळ्यांत थेंब घालतोय. सगळं धुरकट दिसतं, लीलाचं तोंडसुद्धा. आबांना डॉक्टरचं सांगितलं. "मुंबईचं उत्तर येस्तवर लांबच ऱ्हा," एवढंच बोलले.

६ एप्रिल
मुंबईचं उत्तर आलं. क्षय नव्हे, सारकॉइडच!
आबांना घेऊन सांगलीला गेलो. डॉक्टरांनी समजावलं — हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. औषध मात्र नाही. डाव्या डोळ्याची नजर राहील का, सांगता येत नाही.
आबांनी सरळ विचारलं, "तुमचं लेकरू असतं तर दिलं असतं ह्याच्याजवळ?"
"आत्ता दिलं असतं."
आबांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. येताना मोटारीत माझ्या खांद्याला खांदा लावून बसले.
घरी आल्यावर पोर मांडीवर घेतली. असलं तोंड बघून रडेल वाटलं — रडली नाही! नाकावरच्या गाठीला हात लावत राहिली.

७ एप्रिल
लीलाला म्हणालो, "परक्यासारखी वागली न्हाई गं पोर."
ती मान खाली घालून म्हणाली, "परकी कशानं? आवं, रोज दुपारी तुमाला झोप लागली की तुमच्या कुशीत निजवत हुते तिला."
"आगं, क्षय असता तर?"
"तुमी जगताय का न्हाई, कुणाला ठावं हुतं? बापाची ऊब तरी मिळू दे म्हनलं."