मुरुडला येऊ नकोस

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

नांदेड,
९ नोव्हेंबर १९८६

ती. अक्कास,
गुरुलिंगचे शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला मुरुडला येतो म्हणालो आणि आलो नाही, तेव्हा हे पत्र तू आधी दाजींकडून वाचून घेशील आणि मग रागावशील हे माहीत आहे. दुकानातला मिस्त्री सणाला भोकरला गेला तो आठ दिवस परतला नाही. पंक्चरं काढता काढता माझी दिवाळी गेली. महानंदेने तुझ्यासाठी करंज्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, त्या मीच संपवल्या. पोट सुटलंय असं तू मागच्या खेपेला म्हणालीस, ते आता खरं झालंय.

आता कामाचं. सायकलफेरीचं हे तिसरं वर्ष. येत्या सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी नांदेडहून निघायचं, अहमदपूरच्या शाळेत मुक्काम करायचा आणि झेंड्याच्या दिवशी लातूर गाठायचं. पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण होतो, लोक हसले होते. यंदा साठांवर नावं आली आहेत. प्रत्येक जण आपापल्या ओळखीत फिरून मैलामागे देणगी कबूल करून घेतो, आणि जमेल ते सगळं मुंबईच्या संस्थेमार्फत इथिओपियातल्या दुष्काळी पोरांच्या दुधासाठी जातं. आमचे व्यंकटराव, शाळेतले ड्रिल मास्तर, रोज सकाळी गोदावरीच्या पुलापर्यंत सगळ्यांना पळवून राहिले आहेत. माळाकोळीचा चढ न उतरता चढायचा असा त्यांचा हुकूम आहे. गुरुद्वाऱ्याजवळच्या सरदारजींनी ट्यूबा दिल्या. वाटेत दोन जिल्हे लागतात म्हणून पोलिसांची परवानगी मात्र दोन ठिकाणी काढावी लागते. त्यात माझे चार दिवस गेले.

यंदा माझ्या मनात फेरी लातूरला न थांबवता मुरुडपर्यंत आणायची आहे. तुझ्या दारात सगळ्यांना भाकरी-पिठलं मिळालं तर आणखी काही नको. दाजींना विचारून कळव.

दाजींना नमस्कार. तुझी माया आहे म्हणून हट्ट करतो, तो सांभाळून घे.

तुझा,
गुरू


मुरुड,
२१ नोव्हेंबर १९८६

चि. गुरूस,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मीच वाचलं. चौथी शिकलेली हाय, दाजींकडून वाचून घ्यायचे दिवस गेले. करंज्या खाल्ल्या ते बरं केलंस. पोटाला जप.

इकडं लई कठीन हाय. आपल्या विहिरीनं दसऱ्यालाच तळ दाखवला. टँकर तीन दिवसांनी येतो, त्याच्यापुढं घागरींची रांग पार देवळापर्यंत जाते. ज्वारी वितभर वर आली आनि तशीच वाळली. म्हैस छावणीला नेऊन बांधली, दाजी तिच्यापाशीच ऱ्हातात, आठवड्याला येतात. घरात मी एकटीच.

गावात तुझ्या फेरीची खबर आली हाय. शेजारची भामाबाई काल पान्यावर सगळ्यांदेखत म्हनाली की तुझा भाऊ परमुलखाला दूध धाडतो, त्याला म्हनावं इकडं एक टँकर धाड. मी घागर उचलून आले. तिचं पन चुकलं न्हाई.

तर साठ मानसांना हातपाय धुवायला पानी मी कुठून आनू? फेरी लातूरलाच थांबव. मुरुडला आनू नकोस. तू यायचा असशील तर यष्टीनं ये, महानंदेला घेऊन ये, आठ दिवस ऱ्हा. पन सायकलीवर येऊ नकोस. एवढं ऐक माझं.

महानंदेला आशीर्वाद. थंडी पडली हाय, कान बांधून फिर. खुशाली टाकत जा, तेवढाच आधार हाय.

अक्का


नांदेड,
३ डिसेंबर १९८६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. तीनदा वाचलं.

पाण्याचं म्हणशील तर आमच्या टेम्पोत पिंप भरून असतं. तुझ्या घागरीतला एक तांब्याही लागला नसता. भामाबाईंना सांग की या वर्षी जमेल त्यातलं निम्मं चाऱ्याला द्यायचं आम्ही गेल्या आठवड्यातच ठरवलंय. पण निम्मं बाहेर जाणारच. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या गावच्या दुष्काळी कामावर दुधाची भुकटी आली ती कुठून आली होती, अक्का? त्या पोत्यांवरची अक्षरं आपल्यापैकी कुणाला वाचताही येत नव्हती. तिकडच्या कुणाला मुरुड कुठं आहे हे तरी माहीत होतं का? हे मी सभेत बोलतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

पण खरं कारण ते नाही. तू सायकलीवर येऊ नकोस म्हणालीस म्हणून आज लिहून टाकतो. तोंडाने मला कधी बोलता येणार नाही.

त्याच दुष्काळात, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, तुझ्या शरूला हगवण लागली तेव्हा मी अठराचा होतो, तुझ्याकडेच राहत होतो. दाजी तलावाच्या कामावर लांब होते. सकाळी तू मला दाजींची सायकल दिलीस आणि लातूरच्या दवाखान्यातून सलाईनच्या बाटल्या आणायला धाडलंस. मी गेलो. बाटल्या मिळाल्या. परत येताना ऊन इतकं होतं की डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. एका चिंचेखाली पाच मिनिटं टेकतो म्हणून बसलो आणि झोपलो, अक्का. जाग आली तेव्हा सावली पार दुसरीकडे गेली होती. दोन तास गेले असतील, जास्तच गेले असतील.

दिवस मावळताना मी पोहोचलो. तू दारातच बसली होतीस. तू म्हणालीस, "आत्ताच गेली रे."

आत्ताच. तेरा वर्षं मी तो शब्द घेऊन फिरतोय. मी झोपलो नसतो तर बाटली वेळेवर लागली असती. अडीच वर्षांची होती. तुला पुढं दुसरं मूल झालं नाही, ते बघून मी दर वेळी तुझ्या घरातून खाली मान घालून निघतो. दिवाळीला मिस्त्री भोकरला गेला हे खरं, पण तो नसता गेला तरी मी दुसरं काही कारण काढलं असतं.

त्या दिवसानंतर लातूर-मुरुड रस्त्यावर मी सायकल चालवलेली नाही. दोन वर्षं लातूरला फेरी थांबवून मी तिथूनच मागे फिरलो. यंदा वाटलं होतं की एकदा सगळ्यांच्या सोबतीने तो रस्ता काढावा आणि तुझ्या दारात यावं. तू नको म्हणालीस, तर येणार नाही. तुला कळलं असेल का, म्हणून तू नको म्हणालीस का, हे मात्र मनातून जात नाही.

रागव, पण पत्र टाक.

गुरू


मुरुड,
१७ डिसेंबर १९८६

चि. गुरुलिंग यास,
चंद्रप्पाचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्याचं कारण की, मी काल छावणीवरून घरी आलो तर तुझ्या अक्काची तब्येत ठीक दिसली नाही. ताप वगैरे काही नाही. पण जेवत नाही आणि विचारलं तर बोलत नाही. तुझं पत्र आलं होतं असं पोस्टमन म्हणाला. ते तिने कुठं ठेवलंय ते मला सापडलं नाही, आणि मी जास्त शोधलंही नाही.

तू काय लिहिलंस ते मी विचारत नाही. बहीण-भावाचं काही असेल. फक्त एवढं सांगतो की तिने काल आपणहून शरूचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं, मीही नाही. मी उठून बाहेर निघून गेलो.

ती लिहिणार आहे. कागद आणून दिलेत. तू घाई करू नकोस.

म्हैस जगेल असं वाटतं. तुम्हा उभयतांची खुशाली कळत असावी ही इच्छा.

चंद्रप्पा


मुरुड,
४ जानेवारी १९८७

चि. गुरूस,
अक्काचे आशीर्वाद.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता फाडनार न्हाई.

शरू तू पोचलास तेव्हा गेली न्हाई. ती सकाळीच गेली. तू पिठाच्या गिरनीपर्यंत गेला असशील न्हाई तोवर गेली.

गावच्या दुष्काळी कामावरचा कंपाउंडर तांबडं फुटायच्या आधी येऊन बघून गेला होता. तू तेव्हा आडावर होतास. तो मला आनि सासूबाईंना म्हनाला की आता पोरीत काही ऱ्हायलं न्हाई, बाटली आनून उपेग न्हाई. तू आत आलास आनि तिला मांडीवर घेऊन बसलास. तिचे डोळे वर जाऊ लागले ते तुला कळत न्हवतं, तू तिला चिमनीचं गानं म्हनत होतास. मला ते बघवलं न्हाई. पोरगी तर चाललीच हाय, ह्याच्या मांडीवर नको जाऊ दे, असं माझ्या मनात आलं. आपली आई गेली तेव्हा तू आठ दिवस बोलला न्हवतास, ते मला ठाऊक. म्हनून तुला सायकल दिली. बाटल्या आन म्हनाले. लवकर जा म्हनाले.

तू गेलास आनि तिनं दोनदा आचका दिला.

सासूबाई म्हनाल्या आता पोराला काय सांगशील. मी म्हनले काही सांगायचं न्हाई. दिवसभर तिला चादरीत घेऊन बसले. तू आलास तेव्हा तुझं तोंड उन्हानं काळं झालं होतं, बाटल्या छातीशी धरल्या होत्यास. एवढा जीव तोडून गेला आनि ती सकाळीच गेली हे ह्याला कसं सांगू? तुझी खेप वाया गेली असं तुला वाटू नये म्हनून तोंडातून निघालं, आत्ताच गेली रे. मला वाटलं त्यानं तुला बरं वाटंल.

गुरू, तू झोपलास हे मला तुझ्या पत्रानंच कळलं. मला ठाऊक असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. तू रात्रभर झोपला असतास तरी काही फरक पडला नसता.

तू मान खाली घालून जायचास ते मी बघत होते. मला वाटायचं, तुला कुनाकडून तरी खरं कळलं आनि म्हनून तू माझ्या तोंडाकडं बघत न्हाईस. विचारायची छाती झाली न्हाई. सायकलीवर येऊ नकोस म्हनाले ते त्याच्यासाठीच. त्या रस्त्यानं तू सायकलीवर येताना मला परत दिसला असतास तर मी उभी ऱ्हाऊ शकले नसते.

तुझी तेरा वर्षं मी खाल्ली. माफी कशी मागतात ते मला येत न्हाई.

अक्का


नांदेड,
२ फेब्रुवारी १९८७

ती. अक्कास,
नमस्कार.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. खरं लिहायचं तर मला राग आला. महानंदा म्हणाली की माझ्यावरचं ओझं उतरलं, मला हलकं वाटायला पाहिजे. मला हलकं वाटलं नाही. मी दुकान बंद करून दोन दिवस नदीवर जाऊन बसलो. फेरी रद्द करतो असं व्यंकटरावांना सांगितलं. त्यांनी फक्त परवानगीचे कागद माझ्या हातातून काढून घेतले आणि पुढचं सगळं स्वतः केलं.

मग मीही निघालो. माळाकोळीच्या चढावर अर्ध्यात माझे पाय थांबले. दोन वर्षं मी तिथे दात खाऊन चढलो होतो. प्रत्येक पॅडलला शरूचं नाव घ्यायचो, आणि छाती फुटायला लागली की बरं वाटायचं. यंदा ते काहीच नव्हतं. मी उतरलो आणि सायकल ढकलत चालू लागलो. मागून येणारी पोरं पुढे गेली. लोह्याचे एक म्हातारे मास्तर आहेत, दगडोबा त्यांचं नाव, तेही उतरून माझ्याबरोबर चालले. त्यांना वाटलं मी दमलो. ते म्हणाले की चढ तर तेवढाच आहे, चालत गेलं काय आणि बसून गेलं काय, तिकडच्या पोरांना दूध तेवढंच मिळणार. त्यांना माझं काहीच माहीत नव्हतं. मी वर पोहोचेपर्यंत रडत होतो. शरूसाठी रडलो, अक्का. आजवर मी माझ्या झोपेसाठीच रडत आलो होतो, तिच्यासाठी रडायचं राहूनच गेलं होतं.

आता जे लिहायला बसलो ते. लातूरला कलेक्टर कचेरीसमोर आम्ही पोहोचलो तेव्हा तू आली होतीस. कडुलिंबाखाली दाजींच्या बाजूला उभी होतीस, हिरवं लुगडं होतं. मी तुला पाहिलं. तूही पाहिलंस. मी तोंड फिरवलं, सायकल टेम्पोत चढवली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो. नजर चुकली असं मी महानंदेला सांगितलं, पण तुला तसं सांगणार नाही.

फेरी पुढच्या वर्षीही होईल. व्यंकटरावांनी आतापासूनच नावं घ्यायला सुरुवात केली आहे.

दाजींना नमस्कार. माझ्यावर माया ठेव.

गुरू


मुरुड,
११ फेब्रुवारी १९८७

चि. गुरूस आशीर्वाद.

तू तोंड फिरवून गेलास त्याचं मला काही वाटलं न्हाई, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. वाईट वाटलं. तुमचा टेम्पो गेल्यावर मी शेवटच्या यष्टीपर्यंत तिथंच बसून होते, तू परत येशील म्हनून. दाजी चला चला म्हनत होते.

शरूला आपल्या वरच्या वावरात ठेवली हाय, बांधाच्या आतल्या अंगाला. तिला माती दिली तेव्हा तू बाजेवर पडून होतास, उठला न्हाईस, म्हनून तुला जागा ठाऊक न्हाई. आम्ही दोघं कधीमधी जातो. एकमेकाला न सांगता जातो.

तुझा राग जाईल तेव्हा ये. गेला न्हाई तरी ये. कसा येतोस ते तुझं तू ठरव, मी दार लावनार न्हाई.

अक्का